माजघरातले बटाटे

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, तेव्हा आमच्या घराच्या तिन्ही अंगांना भातशेती होती. घरात सासूबाई, मामंजी, हे, मी आणि माझे धाकटे दीर. दीर ठाण्याला एका कचेरीत कारकून होते. दिवाळी झाल्यावर त्यांनी हौसेनं परसात बटाटे लावले. संध्याकाळी घरी आले की आधी वाफे बघायचे, मग चहा.

पौषात त्यांना विषमज्वर झाला आणि त्यातच ते गेले. लग्नाचं बघायला नुकती सुरुवात झाली होती.

वाफ्यांना पाणी मी घालत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही.

फाल्गुनात पाला पिवळा पडला, तेव्हा ह्यांनी कुदळ घेतली. सासूबाई कडेला बसून एकेक बटाटा पदरानं पुसत होत्या. मी पाण्याची बादली आणली तर म्हणाल्या, "धुऊ नकोस गं. ओल राहिली की सडतात." पडवीत सावलीला ठेवून साल घट्ट झाल्यावर माजघरात कोरडी वाळू पसरली, तिच्यावर बटाटे मांडले. उजेडानं हिरवे पडू नयेत म्हणून वर गोणपाट टाकलं.

एकदा भाजीला चार काढायला गेले.

"ते नकोत," सासूबाई म्हणाल्या. "बाजारातून आणायला सांग."

त्या अधूनमधून आत जाऊन बसायच्या. बटाटे उलटेपालटे करायच्या, नासका निघाला तर परसात नेऊन पुरायच्या. फेकलेला मी कधी पाहिला नाही.

वैशाखात उकाडा वाढला आणि एका सकाळी वास स्वयंपाकघरापर्यंत आला. मामंजी माजघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, अशानं सगळेच जातील. कुणाच्या तरी पोटात जाऊ देत."

"पोटात गेले की संपले," सासूबाई म्हणाल्या.

"आणि सडले तर?"

दीर गेले तेव्हाही न रडलेल्या सासूबाई त्या वाळूजवळ बसून मोठ्यानं रडल्या. मामंजी हलले नाहीत. मी चुलीपाशी तशीच उभी राहिले.

मग तोंड धुऊन त्या बाहेर आल्या. "मोठं पातेलं ठेव. कीस करू. वर्षभर टिकतो."

चांगले बटाटे निवडून आम्ही मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडले आणि अंगणात धुतलेल्या धोतरावर किसले. मामंजी काठी घेऊन राखणीला बसले. थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि कीस खाऊ लागला. दिरांच्या दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नव्हता, ऊन चढेपर्यंत आम्ही घाटावर ताटकळलो होतो. मामंजींनी उचललेली काठी खाली ठेवली. सासूबाईंनीही पाहिलं.

"खाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा किसायला लागल्या.

श्रावणातल्या सोमवारी त्यांनी तो कीस तुपात तळला, दाणे घातले, सगळ्यांना वाढला. शेवटी स्वतःच्या ताटलीत घेतला आणि सावकाश खाल्ला. पुढे डबा सरेपर्यंत घरातल्या प्रत्येक उपासाला तोच कीस झाला.

परसात पुन्हा बटाटे कुणी लावले नाहीत. त्या जागी सासूबाईंनी अळू लावलं.