दंड, दूधकट्टा आणि नात

मी सुईला घाबरतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची थोर थोर कारणं वाचून तुम्ही फसणार नाही.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली ती फर्मान घेऊनच. "बाबा, फ्लूची लस घेतली तरच बाळाला हातात घ्यायचं. आणि आत्ताच घ्या, ती लागू पडायला दोन आठवडे जातात." बायकोने दुसऱ्याच दिवशी लस टोचून घेतली. मी म्हणालो, विचार करतो.

विचार करायला आमचा दूधकट्टा आहे. संध्याकाळी चौकात म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात, आणि आम्ही निवृत्त मंडळी मिशा पांढऱ्या करत जगाचे प्रश्न सोडवतो. मी विषय काढताच तालमीतला माझा जुना जोडीदार गरजला, "अरं, धारोष्ण दूध पिणाऱ्याला कसला आलाय फ्लू? नाक वाहिलं तर दोन वाट्या तांबडा रस्सा वरप की!" मला हेच तर ऐकायचं होतं.

घरी येऊन मी दूध-रश्श्याचा सिद्धांत बायकोला ऐकवला. ती चपाती लाटत शांतपणे म्हणाली, "नका घेऊ मग. तुमच्या वाटचं बाळ मी घेते."

माझ्या वाटचं! मला भयंकर राग आला. आजोबा मी, आणि माझ्याच घरात दारातून डोकावून बाळ बघायचं? सकाळी उठून दवाखाना गाठला. नर्सबाई म्हणाल्या, "हात सैल सोडा की काका." मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा त्या कापूस दाबत होत्या.

"झालं?"

"कवाच!"

इतके दिवस बाळगलेली भीती अशी फुकट गेल्याचं मला जरा वाईटच वाटलं.

कट्ट्यावर चकार शब्द काढायचा नाही असं ठरवून गेलो. पण आमच्यात रामराम दंडावर थाप मारून घालतात, हे साफ विसरलो. जोडीदाराची पैलवानी थाप नेमकी टोचलेल्या जागी बसली. मी असा ओरडलो की म्हैस बिचकली आणि धार बादलीबाहेर गेली.

"टोचून आलास व्हय रं!" सगळा कट्टा खो खो हसला. हसणं ओसरल्यावर तो जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "सुई लई दुखती का रं?"

"सुई न्हाय दुखली. तुझा हात दुखला."

महिन्याभराने नात आली. मुलीने मला खुर्चीत बसवलं, हात धुतलेत का विचारलं, खात्री पटेना म्हणून पुन्हा विचारलं, आणि मग ते ऊबदार गाठोडं माझ्या हातात दिलं. माझे डोळे भरून आले. माझी शिंक तिला बाधू नये म्हणून सगळ्या घराने माझ्यामागे धोशा लावला होता. नातीने माझ्याकडे बघितलं, नाक मुरडलं आणि सरळ माझ्या तोंडावर शिंकली.

"द्या इकडे तिला, तोंड पुसा आधी," म्हणत बायको रुमाल घेऊन धावली.

मी नातीला आणखी जवळ धरलं आणि म्हणालो, "तूच पूस."