बुवांचा आवाज

यशवंत गेल्याचं मला हातखंब्याला कळलं. लांज्याहून परतताना एसटी बदलायला उतरलो, तर ऑफिसातले एक जण टपरीवर चहा घेत उभे होते. "तुम्हाला कळलं नाही? यशवंतराव सकाळी गेले." ते पुढेही काही बोलत होते, पण माझ्या मनात आधी दुःख आलंच नाही. आता ते सांगायचं राहिलं... एवढंच आलं. त्याला आता दीड महिना होत आला.

आम्ही दोघंही रत्नागिरीच्या कोर्टात कारकून. संगीत नाटकाचं वेड दोघांना सारखंच, पण पुढच्या खुर्च्यांचं तिकीट काढण्याची ऐपत एकाचीही नाही. कंपनी गावात आली की मैदानात कनाती लागत आणि एका कापडदुकानात तिकिटांचा प्लॅन उघडे. तिसऱ्या रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्यांवरून अर्धा रंगमंच दिसत नसे, म्हणून त्या मागच्या दरात मिळत. हा शोध यशवंताचा. मी कुरकुर केली की म्हणायचा, "बघायचंय काय मेल्या तुला? पितांबर? गाणं कोपऱ्यातसुद्धा सरळच येतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर आमचं भांडण ठरलेलं. त्याचं दैवत म्हणजे कंपनीतले मुख्य गायक नट. आम्ही त्यांना बुवाच म्हणायचो. मी म्हणायचो, "नायिका बेशुद्ध पडलीय आणि तुझा बुवा ताना कसल्या घेतोय?" तो म्हणायचा, "मग त्या तानांनीच येईल की शुद्धीवर!" एकाचा प्रयोग हुकला, तर दुसऱ्याने सकाळी त्याच्या घरी जाऊन तो अख्खा सांगायचा, पदरचं काही न घालता, हा आमचा रिवाज होता. मालगुंडला त्याच्या आईचं आजारपण चाललं होतं तेव्हा मी त्याला असे कितीतरी प्रयोग सांगितले असतील.

गेल्या वर्षी त्याच्या घशाचं दुखणं निघालं. मुंबईला उपचार झाले, पण परत आला तो आवाज गमावूनच. कायम गुणगुणणारा माणूस, आता नुसती कुजबुज. तरी कंपनी येणार कळल्यावर त्याने वहिनींना पाठवून कोपऱ्यातली दोन तिकिटं काढवली. प्रयोगाच्या दिवशी मात्र त्याला उठवेना. "तू जा," तो कुजबुजला, "आणि येऊन सांग."

बुवा त्या दिवशी जे गायले, ते मी आयुष्यात पुन्हा ऐकेन असं वाटत नाही. दुसऱ्या अंकातल्या पदाला लोकांनी पुन्हा पुन्हा वन्समोअर दिला. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी रडलो.

सकाळी त्याच्या खाटेशी बसलो. तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता की मला ते सांगवेना. त्याने काय गमावलं, ते त्यालाच कसं ऐकवायचं? मी म्हटलं, "आला नाहीस ते बरंच झालं. बुवांचा आवाज बसलाय रे. वरचा षड्ज लागेना. लोक उठून गेले."

मला वाटलं, त्याला तेवढंच बरं वाटेल. त्याने डोळे मिटून घेतले. मग कुजबुजला, "म्हणजे त्यांचाही गेला..." एरवी बुवांवरून माझ्याशी हमरीतुमरीवर येणारा यशवंत त्या दिवशी भांडला नाही. ते शब्द मागे घ्यायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज त्याच्या औषधपाण्याची चौकशी करून परत येत होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर मी वहिनींना खरं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाटेशेजारच्या फळीवरच्या रेडिओकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही येऊन गेलात त्याच आठवड्यात बुवांचं गाणं लागलं होतं, भावजी. जुनी रेकॉर्ड असावी. मी मोठा करायला गेले, तर यांनी हातानेच बंद करायची खूण केली. म्हणाले, नको, त्यांचा आवाज होता तेव्हाचं आता ऐकवत नाही."

वहिनींनी तो रेडिओ अजून तिथेच ठेवला आहे. मी गेलो की त्या चहा टाकायला आत जातात आणि मी खाटेच्या कडेला बसतो. हात लांब केला तर बटणापर्यंत पोचतो... पण लावण्याचा धीर होत नाही.