गोट्यांवरचं घर

द्वारदर्शनाला, म्हणजे मयताच्या घरी भेटायला गेल्यावर माणसानं गप्प बसायचं, एवढंच काम असतं. मला तेही जमलं नाही. रनाळ्याला मेहुण्यांच्या ओट्यावर मंडळी माना खाली घालून बसली होती आणि मी चहाचा कप शेजारच्या फळीवर ठेवला. फळी सर्रकन सरकली, कप उलटला, चहा एका म्हाताऱ्या पाहुण्यांच्या धोतरावर. ते स्टूल नव्हतं... दादांचं भूकंपाचं यंत्र होतं.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांचा जन्म गेला. प्रयोग सरांनी करायचा, नळ्या दादांनी धुवायच्या. निवृत्तीनंतर एकदा जमीन जराशी हलली, मांडणीवरची भांडी वाजली, आणि दादांनी ते मनावरच घेतलं. लोखंडी ट्रेमध्ये गोट्या, त्यांवर फळी, दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबचे पट्टे. फळी ओढून सोडली की थरथरायची. तिच्यावर मातीची, काड्यांची घरं मांडायची आणि पाडायची. गाव म्हणायचं, “धल्ला घरं पाडी ऱ्हायना,” म्हातारा घरं पाडतोय.

तळोद्याला आमचं दुमजली घर. गाडी आत लावता यावी म्हणून मी खालची मधली भिंत आणि दोन खांब काढून टाकले. (गाडी तरीही घासतेच.) दादांनी हुबेहूब तसं घर काड्यांचं केलं, मला समोर बसवलं आणि फळी ओढली. तिसऱ्या झटक्याला खालचे पाय मुडपले, माडी जशीच्या तशी खाली बसली.

“पाह्यं का दाजी? माडी वाची गयी. खाले जो व्हई, तो गया.”

चार माणसं बसलेली. मला चेव आला. “दादा, नळ्या धुता धुता इंजिनियर कवय व्हयनात?”

सगळे हसले. दादाही हसले... आणि एकेक गोटी धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. पुन्हा त्यांनी माझ्याजवळ विषय काढला नाही. बहिणीची काळजी, दुसरं काय, असं म्हणत मीही तो सोडून दिला. मग एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

त्या दिवशी मी चहा पुसत असताना वहिनी आतून एक घर घेऊन आल्या. माझंच. पण दोन्ही खांब जागेवर, कोपऱ्यांना तिरप्या काड्या. “शेवटपावत हाईच चालू व्हतं,” त्या म्हणाल्या. “ओढी पाहा, दाजी.”

ओढलं. पुन्हा ओढलं. सगळ्यांदेखत, हात दुखेपर्यंत. घर डोललं, करकरलं, पडलं नाही. ते पडावं असं मला का वाटत होतं, कोण जाणे.

तेव्हापासून रस्त्यानं उसाचा ट्रक गेला, कपाटातला पेला किणकिणला, की मी आधी तुळईकडे बघतो. आणि कुठेतरी कुणीतरी सावकाश गोट्या पुसत असतं...

परवा गवंड्यानं खांबांचे खड्डे खणले. मी बायकोला म्हटलं, “दादांचा जीव तुझ्यात अडकला होता. आता सुटेल.”

ती खड्ड्यात बघत राहिली. “दादानी फळी ओढी, मी तं तवयपासूनच माडीवर झोपस. तुम्हनं घोरनं, ते निमित्त. दादाले मी सांगेल व्हतं. खाले तुम्ही एकलाच झोपतस, हाई त्याले माहीत व्हतं.”