एकेचाळीस मुलांचा एक नवरदेव

एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मी एकेचाळीस मुलांचा मिळून एकच नवरदेव केला. त्यासाठी मला फक्त माउस लागला.

प्रमिलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ठाकूरद्वारला राहते. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून घरच्या घरी वधूवर सूचक केंद्र चालवते. केंद्र म्हणजे पुढच्या खोलीतलं टेबल, टेबलावर जुना कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरच्या आत एका डेटाबेसमध्ये गिरगावपासून शिवडीपर्यंतची सगळी स्थळं. या डेटाबेसला तिने एक ॲड-इन जोडलं होतं, म्हणजे वरून लावलेला छोटा जोडप्रोग्राम. परदेशातल्या कुणा गृहस्थाने घरी बसून तो लिहिलेला. आधी वापरून बघा, पटलं तर नोंदणी करा, अशा भल्या तत्त्वावरचं शेअरवेअर! याद्या छापायच्या, नाडी जुळते का बघायचं, सगळं तेच करायचं. फक्त दर वेळी उघडलं की आधी 'आपण अद्याप नोंदणी केलेली नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी दहा सेकंद झळकायची. आत्या त्या पाटीला "हो हो, करते हं," असं उत्तर द्यायची. (पाहुण्याला ताटकळत ठेवल्यासारखं वाटतं म्हणे.)

शेवटी तिने नोंदणी केली. लगेच त्या गृहस्थाचं पत्र आलं, की आता नवी आवृत्ती निघाली आहे, ती बसवून घ्या. आत्याने मला बोलावलं. कारण मी आमच्या घराण्यातला कॉम्प्युटरवाला! (ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी दोनदा सुखरूप बाहेर काढला आहे. एवढ्यावरच हे पद चालू आहे.)

"नितीन, उद्या परळला मेळावा आहे रे. यादी आज जायला हवी. अपग्रेड सोमवारी करूया का?"

"आत्या, तू चहा टाक. उकळी यायच्या आत होतंय."

"बॅकअप घेतलास?"

"घेतला की!" मी पेनड्राइव्ह नाचवला.

ती आत गेली आणि मी सुटलो. नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट! मध्ये एक लांबलचक सूचना आली. ती वाचणाऱ्यांसाठी होती, म्हणून मी वाचली नाही. पट्टी भरत गेली आणि शेवटी पडद्यावर अभिनंदन! चाळीस डुप्लिकेट नोंदी सापडल्या आणि त्या एकत्र करून टाकल्या, असं त्याने स्वतःहून कळवलं. मला तर भरून आलं. न सांगता साफसफाई! त्याच उत्साहात मी नवी यादी काढली आणि मुलींच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवूनही दिली.

आत्या चहा घेऊन आली तोवर फोन वाजायला लागला होता.

"प्रमिलाताई, तो अमोल परब आम्हाला पसंत आहे. आधी आमची भेट ठरवा हं!"

आत्याने फोन ठेवला. "अमोल? त्या बिचाऱ्याला दोन वर्षांत कुणी विचारलं नाही!"

पुन्हा फोन. पुन्हा अमोल. तिसऱ्या गृहस्थांचा आवाज तर आदराने खाली आला होता. "ताई, लालबागला, परळला, शिवडीला, सगळीकडे घरं आहेत म्हणे मुलाची?"

आत्याने चष्मा लावला आणि यादी उघडली. अमोल परब. शिक्षण: बी.कॉम., डिप्लोमा, एम.एस्सी., दहावी. नोकरी: बँक, बंदर, दवाखाना, बेस्ट. भाऊ: तेहतीस. नाडी: आद्य, मध्य आणि अंत्य! म्हणजे जगातली कुठलीही मुलगी आणा, पत्रिका जुळणारच. अपेक्षा: नोकरी करणारी, घर सांभाळणारी, काहीही नाही.

"नितीन," आत्या अगदी शांतपणे म्हणाली, "दळवीमामांची मुलं कुठे आहेत?"

तेव्हा उलगडा झाला. दळवीमामा आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाचे लालबागमधले सेक्रेटरी. गावातला कुठलाही मुलगा नाव नोंदवायला आला की संपर्कासाठी नंबर मामांचाच! नव्या आवृत्तीला वाटलं, एक नंबर म्हणजे एक माणूस. (जी सूचना मी वाचली नाही, तीत नेमकं हेच बंद करायची सोय होती.)

"घाबरू नकोस," मी म्हणालो, "बॅकअप आहे ना!" आणि पेनड्राइव्ह लावला. आत डेटाबेस नव्हता. डेस्कटॉपवर त्याचं जे चित्र असतं ना, तो शॉर्टकट, तेवढाच मी उचलून आणला होता. घराच्या ऐवजी घराच्या पत्त्याचा फोटो! दाबला, की पुन्हा त्याच फाइलमध्ये. पुन्हा अमोल.

एवढ्यात मामांचाच फोन. "गो प्रमिला, ह्या काय ऐकतंय? गावचे एकेचाळीस झील, तेंचो एकच कसो झालो?"

मला वाटलं, आता आत्या रडणार, नाहीतर मला गॅलरीतून खाली टाकणार. उद्या मेळाव्यात घरोघरची माणसं येणार आणि यादीत त्यांचा मुलगाच नाही! तिने मात्र माझ्या बायकोला फोन लावला. मेघनाचं मराठी टायपिंग चांगलं आहे. ती अर्ध्या तासात आली. मला खुर्चीवरून उठवण्यात आलं.

आत्याने ग्रुपवर 'यादी चुकली आहे, संध्याकाळी नवी येईल' असं कळवलं. मग डोळे मिटले आणि ती सुरू झाली.

"अमोल परब. लालबाग. बी.कॉम. उंची पाच-सात. एक बहीण, दिलेली. लाजतो, पण आईला स्वयंपाकात मदत करतो. पुढचा, सचिन राऊत. शिवडी. बंदरात नोकरी. मध्य नाडी. डावखुरा..."

कागद नाही, वही नाही! जन्मवेळा, नक्षत्रं, आजोळची गावं, कुणाला मासे चालत नाहीत, कुणाची आई आधी नाही म्हणते आणि मग हो म्हणते. मेघनाची बोटं धावत होती. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि माझा हळूहळू आ वासत गेला. पलीकडे फोन स्पीकरवर ठेवून मामा आपल्या कागदांवरून पडताळून बघत होते.

"बरोबर... बरोबर... थांब गो, प्रशांतचा नक्षत्र चुकला."

"मामा, तुमचा कागद चुकलाय. प्रशांतच्या आईला विचारा."

पाच मिनिटांनी मामांचा पुन्हा फोन. कागद चुकला होता! मला तर त्या क्षणी आत्यासमोर हात जोडावेसे वाटले. (अमोलचं सांगून टाकतो. त्याच्या तीन घरांची चौकशी करणाऱ्या गृहस्थांची मुलगी दुसऱ्या दिवशी मेळाव्यात त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "बाकीचे चाळीस कुठे आहेत?" तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसला. मे महिन्यात लग्न झालं.)

पाच वाजता चाळीस मुलं आपापल्या घरी परतली. "शेवटचा," आत्या म्हणाली. "नितीन. परळ. खाजगी नोकरी."

मेघना थांबली. "आत्या, हे अजून आहेत यात?"

"मी कुणाला काढत नाही गं. लग्न झालं की नुसती खूण करते. लिही. उंची त्याने पाच-आठ लिहिली होती. आहे पाच-सहा."

"माझ्या बाबांना पाच-आठच सांगितलं होतं!"

"त्याने सांगितली असेल. मी तुझ्या बाबांना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, मुलगा मनाने चांगला आहे, व्यसन नाही. फक्त घरातल्या कुठल्या यंत्राला हात लावू देऊ नका."

मेघनाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाबांनी मला पहिलं वाक्यच सांगितलं," ती म्हणाली.

वातावरण जरा हलकं करावं, काहीतरी उपयोगी पडावं, म्हणून मी यादी छापण्यासाठी प्रिंटरमध्ये कागद घालायला उठलो. आणि दोघी एका सुरात किंचाळल्या, "बस खाली!"