पटलावर ठेवलेला नियम

मिरजगावच्या स्टँडवर बस येत नव्हती आणि शेजारी बसलेले, कचेरीतून निवृत्त झालेले शिपाई बोलायचे थांबत नव्हते. चष्मा सदऱ्याला पुसायचे, न घालताच पुन्हा पुसायचे. पगारातून जन्मभर कापलेले सगळे पैसे त्यांच्या हातात येणार नव्हते; काही हिस्सा विमा कंपनीला देऊन त्याची पेन्शनच घ्यायची, असा नियम.

“पैसं माझं, आन् नियम ह्यांचा! ह्यो तपासला तरी कुनी?”

मी वैतागून म्हणालो, “बाबा, असे नियम संसदेच्या पटलावर ठेवतात.”

“पाटावर?”

“पटलावर! सगळ्या खासदारांपुढं.”

“मंग पाटावरच की! आमी बी देवाम्होरं पाटावर निवद ठिवतो. देव त्याला हात लावत न्हाई. पर निवद निदान माघारी आमच्याच ताटात येतो.”