उरलेला पाहुणा

रीनी जन्मली आणि मायसाराचं नाव मागे पडलं. गायो लोकांत रीतच तशी आहे. पहिलं मूल झालं की बाप 'अमान' आणि आई 'इनेन', पुढे मुलाचं नाव. म्हणून सुमात्रा बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरातून जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला आलेली ही बाई आपल्या माणसांत इनेन रीनी. तिला नुसतं मायसारा म्हणणारी या गावात एकच, वरच्या मजल्यावरची प्रभा. ती आपल्या पुण्याची, नवरा विष्णू इथल्या केमिकल कारखान्यात. मायसारा प्रभाला 'अका' म्हणते. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला अका. पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा प्रभा जिन्यातच थबकली होती. "अगं, माझ्या आत्यालासुद्धा आम्ही अक्काच म्हणायचो की!" त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच. एकीचा नमाज, दुसरीचा सांजेचा दिवा, आणि दोन्ही उरकले की एकीच्या घरी डोंगरातली काळी कॉफी. देवाला काय, कुणाची मैत्री कुठे जुळवायची ते तो बरोबर जाणतो.

मायसारा ठेंगणी, गोल चेहऱ्याची आणि हसायला लागली की खालच्या दुकानात ऐकू जाईल अशी. पण तिचा जीव गुंतला होता तो एका तळघरात.

त्यांच्या रस्त्याच्या टोकाला एका जुन्या केगल क्लबचं घर आहे. केगल म्हणजे लाकडी सोंगट्या मांडायच्या आणि लांबून चेंडू घरंगळवत पाडायच्या. एके काळी तिथे रांगा लागत. आता क्लबात उरले होते दहा म्हातारे, तेही गुरुवारी येऊन खेळण्यापेक्षा बिअर जास्त प्यायचे. बाकीचे दिवस तळघर रिकामं. ते मायसाराने पाहिलं आणि सगळ्यात आधी खाली बसून जमिनीवर थाप मारली. लाकूड बोललं. तिने तिथल्या तिथे ठरवलं, समान इथेच बसणार.

समान हा त्यांचा नाच, पण उभं राहून नाचायचा नाही. पुरुष एका ओळीत गुडघ्यांवर बसतात, खांद्याला खांदा इतका घट्ट की मधून कागद जाणार नाही. एक जण गातो, आणि सगळे मिळून छाती, मांड्या, टाळ्या यांचा असा कल्लोळ उठवतात की वाद्याची आठवणही होत नाही. एक वाकला की शेजारचा उठतो. बायकांचा नाच वेगळा, बिनेस. तो मायसारा शिकवायची. दर शनिवारी मानहाइम, फ्रांकफुर्ट, कुठून कुठून मोजकी गायो कुटुंबं यायची. नऊ पुरुष ओळीत बसायचे, पोरी बिनेसची पावलं टाकायच्या आणि रीनी "मामा, नोख आइनमाल?" म्हणजे 'आई, अजून एकदा?' असं जर्मनमध्ये कुरकुरत परत पहिल्यापासून सुरू करायची. लाकडी जमीन मेणाने पुसायचं काम मायसाराचं. क्लबची किल्लीसुद्धा तिच्याच गळ्यात.

तर या तळघरावर संकट आलं. एका जिमवाल्याला ते हवं होतं. तो लाकूड उखडून रबर घालणार होता. क्लबचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर त्याच्या बाजूचे. क्रेमर म्हणजे उंच, इस्त्री केलेला माणूस. कचऱ्याच्या डब्यात कागदाच्या जागी चुकून प्लास्टिक पडलं तर चिठ्ठी लिहून ठेवणारा. वार्षिक सभेत मत घ्यायचं ठरलं.

"मग आता?" प्रभाने विचारलं.

"आता पाहुणे बोलवायचे," मायसारा म्हणाली.

मायसाराच्या गावाकडे एक गाव दुसऱ्या गावाला समानसाठी बोलावतं. पाहुणे आले की यजमान नाचणाऱ्यांतला प्रत्येक जण एकेक पाहुणा निवडतो, आपल्या घरी नेतो, जेवू घालतो, भेट देतो. त्या दिवसापासून ते दोघे 'सेरिनेन', म्हणजे भाऊच. एका रात्रीपुरते नव्हेत, जन्मभराचे. लग्न, आजारपण, मयत, सगळ्याला हजर राहायचं.

क्लबच्या म्हाताऱ्यांना आमंत्रण गेलं. क्रेमरनी कळवलं, "मला तिखट सोसत नाही, मी येणार नाही." म्हणजे पाहुणे नऊ, नाचणारे नऊ. गणित देवानेच जुळवल्यासारखं.

समान असा रंगला की म्हातारे बिअर विसरले. गेर्ड नावाचा ढोल्या तर स्वतःच्या मांड्या बडवायला लागला. संपल्यावर एकेका गायोने एकेका म्हाताऱ्याचा हात धरला. अमान रीनीने, म्हणजे मायसाराच्या नवऱ्याने, गेर्डला धरलं. हसत-खिदळत जोड्या बाहेर पडल्या.

मायसारा दिवे मालवायला वळली, तर मागच्या बाकावर हेर क्रेमर. शेवटच्या क्षणी आले होते. कडक शर्ट, हातात ट्यूलिपची फुलं.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "कार्यक्रम संपला वाटतं."

मायसारा गडबडली. घरी गेर्ड जाऊन बसला होता, भांडी ओसंडत होती. तिने धावत घरी जाऊन प्लास्टिकच्या डब्यात भात आणि मासा भरला, परत आली, माफी मागितली आणि डबा क्रेमरांच्या हातात दिला. ते "डांके", धन्यवाद, म्हणाले आणि गेले. ट्यूलिप बाकावरच राहिली.

सभा झाली. गेर्ड सगळ्यात आधी उठला. "माझं मत माझ्या भावाला!"

"माझंही!" दुसरा ओरडला. "काल माझ्या भावाने माझा नळ दुरुस्त केला!"

क्रेमरनी चष्मा लावला. "भाऊ? सगळ्यांसमोर म्हणताय?"

"छातीठोक म्हणतो!"

"गेनाऊ, अगदी बरोबर." क्रेमरनी नियमावली उघडली. "नातेवाइकाच्या विषयात सदस्याला मत देता येत नाही. तो बेफांगन ठरतो, त्याचा कल आधीच एका बाजूला झालेला असतो. तेव्हा तुम्ही नऊ जण बाद. मत देणारा उरलो मी. पुढच्या बैठकीत देईन."

 मायसारा कोपऱ्यात उभी होती, तिला वाटलं आपणच आपल्या हाताने लाकूड उखडलं.

त्या संध्याकाळी ती प्रभाकडे जाऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. प्रभाची एकादशी. ती साबुदाणा परतत होती.

"नियम, नियम, नियम!" मायसारा म्हणाली. "त्या माणसाच्या अंगात रक्त नाही, शाई आहे."

"असेल. पण आधी येणार नाही म्हणाला आणि मग शर्टाला इस्त्री करून आला," प्रभा उलथनं हलवत म्हणाली. "ते कशाला? तो बोट ठेवतोय नियमावर, पण दुखतंय भलतीकडेच. तू त्याला काय दिलंस?"

"डबा."

"आणि बाकीच्यांना?"

 मायसाराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाहुणा दारात आला आणि आपण त्याला डबा देऊन वाटेला लावलं! गावी आईच्या कानावर हे गेलं असतं, तर तिने आठवडाभर तोंड पाहिलं नसतं. तळघर राहो नाहीतर जावो, ही लाज आधी धुवायला हवी होती.

घरी अमान रीनी कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "माझा भाऊ झालाय. एकाला दोन नसतात."

"तुम्हाला कोण सांगतंय? मी करते."

"बाईने?"

"का? समानची ओळ तुमची, बिनेस माझा. मलाही पाहुणा हवा. आणि मला भाऊ नाहीच."

प्रभाला हे कळल्यावर तिने टाळी दिली. "आमच्यात तर भाऊ बहिणीकडेच जेवायला जातो. रीतसर आहे हो सगळं!"

दुसऱ्या दिवशी मायसाराने क्रेमरांची बेल वाजवली. दार हातभर उघडलं.

"तुमची टर्मिन आहे? वेळ घेतली होती?"

"भावाकडे यायला टर्मिन लागते?"

 मग तिने सरळ सांगून टाकलं. त्या रात्री माझं चुकलं, आमच्याकडे पाहुणा असा परत पाठवत नाहीत, तुम्हाला घर मिळालं नाही ते आता देते. "मत तुम्हाला हवं तिकडे द्या. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. पण रविवारी जेवायला या. तिखट नसेल."

"मासा चांगला होता," क्रेमर म्हणाले. "थोडा गार होता."

रविवारी ते आले, ठरलेल्या वेळेच्याही आधी. अमान रीनीने त्यांना मधल्या जागी बसवलं. मायसाराने त्यांच्या खांद्यावर गायो भरतकामाचं काळं वस्त्र घातलं, लाल-हिरव्या-पिवळ्या वळणांचं. प्रभाने वरून बिनमिरचीचं वरण आणि केशराचा शिरा पाठवला होता. क्रेमरनी शिरा तीनदा घेतला आणि तिसऱ्या वेळी विचारलं, "हे जेवणाच्या आधीचं आहे की नंतरचं?"

"मधलं," रीनी जर्मनमध्ये म्हणाली आणि स्वतःच हसली.

पुढची बैठक भरली. जिमवाला रबराचा चौकोनी तुकडा नमुना म्हणून घेऊन आला होता. क्रेमर उठले. चष्मा, नियमावली, खाकरणं.

"रविवारी मी श्रीमती मायसारांचा भाऊ झालो. साक्षीदार आहेत. सबब मीही बेफांगन आहे."

जिमवाल्याने हातातला तुकडा टेबलावर ठेवला.

"मग मत कोण देणार?" जिमवाल्याने विचारलं.

"कोणीच नाही. आणि मत झालं नाही तर पुढच्या वार्षिक सभेपर्यंत आहे तेच चालू राहतं. पान उघडून दाखवू?"

गेर्डने टेबलावर अशी थाप मारली की ग्लास उडाले. मग त्याने रबराचा तुकडा ओढून घेतला आणि त्यावर आपली बिअर ठेवली. "चांगलंय, सांडत नाही."

मायसारा रडेल असं प्रभाला वाटलं होतं. ती हसली, आणि तेही असं की वरच्या रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं.

शनिवारी समान बसला. क्रेमर पहिल्या बाकावर, खांद्यावर ते वस्त्र. मधल्या सुट्टीत ते मायसाराजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सेरिनेनच्या जबाबदाऱ्या नीट समजून घ्यायच्या आहेत. बहिणीच्या मुलीच्या लग्नात मामाने काय आणायचं असतं?"

"अहो, रीनी अजून शाळेत आहे!"

"हो," क्रेमर म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "म्हणूनच आत्ता विचारतोय. अंदाजे कुठला महिना धरू?"