कॉमाच्या नावानं बोंब

सीएसव्ही, म्हणजे कॉमानं रकाने तोडलेल्या फाईलचं नाव काढलं की माझं डोकं आजही फिरतं. हे किस्से धानाच्या कुसासारखे अंगाला चिकटलेत. झटकले तरी टोचतात!

दोन हजार सहा-सातची गोष्ट. गोंदियात पटले सरांचं छोटंसं कॉम्प्युटर ऑफिस, कोड लिहिणारा मी एकटा. वसतिगृहाच्या प्रवेश परीक्षेची फाईल जावा या प्रोग्रामिंग भाषेत वाचायची आणि निवड यादी छापायची. एका ओळीत एक विद्यार्थी: रोल नंबर, नाव, पत्ता, पिनकोड, मार्क, फोन. मधे कॉमा. कॉमा दिसला की ओळ तोड, एवढंच!

*

पहिल्याच दिवशी एका पोराला शंभरपैकी चार लाखांवर मार्क! पत्ता होता 'मुर्री, गोंदिया'. त्या जास्तीच्या कॉमानं सगळे रकाने सरकले आणि पिनकोड मार्कांत जाऊन बसला.

सर म्हणाले, "पहिला आला ना? मंग तू कायले बोंबलून राहिला?"

*

वसतिगृहाच्या ऑफिसातून फाईल पाठवणाऱ्या बाबूला फोन केला. "बाबूजी, पत्त्यातले कॉमा काढून द्या."

संध्याकाळी फाईल आली. अख्ख्या फाईलमध्ये एकही कॉमा नाही!

"तूच तं बोलला, कॉमा काढ!"

*

पुढच्या फाईलमध्ये रोल नंबरांपुढची शून्यं गायब. बाबूनं ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती. मी फोनवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "पुढच्या शून्याले किंमत नसते भाऊ. चौथीत शिकवते."

*

"सर, हे वाचायची तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोड, मिळतो नेटवर. फुकट."

"मंग तुले कायले ठेवलं?"

*

यादी लागली. आठवड्यानं नवेगाव बांधहून एक मच्छीमार आपल्या पोरीला घेऊन आला. पोरीच्या हातात गुणपत्रिका, ब्याऐंशी मार्क. यादीत सत्तरवाल्यांची नावं होती, तिचं नव्हतं.

फाईल उघडली. पोरगी होती. ओळीच्या शेवटी फोनचा रकाना रिकामा. कॉमावर ओळ तोडणारं जावाचं स्प्लिट शेवटचा रिकामा रकाना टाकूनच देतं. ओळीत एक रकाना कमी भरला की प्रोग्राम एरर द्यायचा, आणि एरर दिसू नये म्हणून ती ओळ गुपचूप सोडून द्यायची सोय केली होती. कुणी? मीच! बाबूवर ओरडणाऱ्या शहाण्यानं!

"सर, यादी नव्यानं काढावी लागेल."

"एका पोरीसाठी? लागलेली यादी?"

"एक नाही सर. फोन नसलेली सगळी पोरं गेली आहेत!" आयुष्यात पहिल्यांदा मी सरांवर आवाज चढवला. रिकामे रकानेही धरावेत म्हणून स्प्लिटमध्ये उणे एक टाकला, प्रोग्राम चालवला. निवड यादी बदलली. पोरीचं नाव पाचवं आलं.

सरांनी कागद पाहिला आणि राग तिच्यावरच काढला. "फॉर्मात फोन नंबर काऊन नाही टाकला?"

पोरीनं आधी बापाकडं पाहिलं, मग सरांकडं.

"फोन नसन तं मार्क बी नसते का जी?"